सतराचा पाढा

तांडापेठेतली मनपा शाळा. मार्चातच सकाळपाळी.
नऊलाच ऊन फळ्यावर चढतं,
अर्धे आकडे पुसून टाकतं.
रोशनी पराते उठते, हात मागे बांधते:
सतरा पंचे पंच्याऐंशी, सतरा सक…
आणि अडते,
पाणी संपलेल्या कूलरसारखी नुसती घरघरते.
मागून कुणीतरी, "गेली ना बाप्पा पोट्टी!"

मधल्या सुट्टीनंतर खो-खो.
मैदान म्हणजे टाकीमागची सावली,
खांब एकच;
दुसऱ्याच्या जागी मी उभा.
ती धावत येते, माझ्या कमरेला हात लावून वळते,
दर वळशाला ओठांत काहीतरी पुटपुटते.
कान दिला:
एकशे दोन.
पुढच्या फेरीला एकशे एकोणीस.
मग एकशे छत्तीस.

वेळ कधीची संपलेली.
शिट्टी तोंडातच होती,
खांबानं कशी वाजवायची?