पन्नास ग्रॅम

मुरगावच्या प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं
मी मातीतला ओलावा मोजला.
पाळी, पिसुर्ले, वेळगे,
पिशवीवरची चिठ्ठी वाचायच्या आधीच
नाकाला कळायचं, कुठल्या डोंगराची.
एकशे पाच अंशांवर भट्टीत ठेवायची,
निववायची, पुन्हा तोलायची.
जे उडून गेलं ते पाणी.
त्याचे पैसे कापायचे.

बोटीच्या बाजूने लिन यायचा तपासायला,
दोन हंगाम.
काखेत थर्मास, तोंडात मोजके शब्द.
एकदा आकडा चुकला, माझाच;
त्याने पेन्सिलीने त्याभोवती हळूच गोल काढला
आणि साहेबापुढे काही बोलला नाही.
शेवटच्या दिवशी टेबलावर पत्र्याची डबी ठेवली.
"डोंगर," म्हणाला, मोडक्या इंग्रजीत,
आणि बोट स्वतःच्या छातीवर.
मग तेच बोट खिडकीबाहेर,
धक्क्यावरच्या लाल ढिगाकडे:
"डोंगर."

ढीग सत्तर हजार टनांचा.
डबी पन्नास ग्रॅमची.
रात्री बोट सुटली.

नमुन्याच्या चिठ्ठीमागे त्याने चित्र काढलं होतं,
दोन कडे, मधल्या फटीत एक झुडूप,
वरून पाण्याची रेघ.
माती कुठेच नाही.
म्हणजे हे झाड दगड चाटून वाढतं,
असा मी अर्थ लावला.

मग खाणी थांबल्या.
ट्रकांच्या टपांवर काटेकणगी चढली.
प्रयोगशाळा विकली तेव्हा मी
जुना तराजू भंगाराच्या भावात घेतला,
का, ते शालन अजून विचारते.
डबी कपाटावर, औषधांच्या मागे.

काल उघडली.
काळी, पिळलेली, लांबट पानं,
निखाऱ्यांवरून नुकती उतरल्यासारखी.
"ही कसली च्या? करपल्या न्हय?"
दूध नाही म्हटल्यावर ती उंबऱ्यातच थांबली,
आणि पहिलं पाणी मी मोरीत ओतलं तेव्हा
तिने कपाळावर हात मारला.

फेणीचे इवले पेले काढले.
आधी धूर.
मग भाजलेल्या बिब्यांसारखं काही.
मग घोट उतरून गेल्यावर
घशाच्या मागे
तापल्या फातरावर कोणी तांब्या पालथा करावा तसा वास,
आणि तो जाईना.
मी ओळखला.
पिशव्यांच्या तोंडाशी नाक नेऊन
सव्वीस वर्षं मी याच वासाचे
टक्के लिहीत होतो.

तिसऱ्या पाण्याला शालन बसली.
पाचव्याला म्हणाली, गोड लागते, साखर नसून.
मी तिला सांगितलं नाही
की हा चहा झऱ्याच्या पाण्यात करतात.
आमची झर डोंगराच्या पायथ्याशी होती;
डोंगर बोटीत चढला, झर कुठे चढली कोण जाणे.
किटलीत होतं ते
मंगळवारच्या टँकरचं.
त्याचे पैसे कुणी कापले नाहीत.

सगळा माल तिकडेच गेला ना?
वितळून त्याचं काय काय झालं असेल,
पूल, कढया, रुळांचे खिळे.
त्या कड्यावर चढताना
लिनची म्हातारी आई
(असेल आई; मी विचारलं नाही)
ज्या कठड्याला धरते
तो पिसुर्ल्याचा असू शकतो.
तळहाताला गंज लागत असेल तिच्या,
आमच्याच रंगाचा,
आणि त्याच हाताने ती पान खुडत असेल.

सातव्या पाण्याला रंग उरला नव्हता.
पानं बशीत पसरली: अख्खी, फाटकी नव्हेत,
कडांना तांबूस.
उन्हात वाळवून तोलावीत असं मनात आलं,
तराजूवरची धूळही पुसली.
पण शालनने पेला पुढे केला.
"आनीक एक पावट उदक घाल," म्हणाली,
"आसा अजून तातूंत."

किटलीत अर्ध्याहून कमी होतं.
मी पुन्हा ठेवलं तापत.