चौल येथे निर्वंश

लिस्बनहून नळकांड्यात गुंडाळून आलेला तक्ता
मी ओटीवर पसरला.
चार कोपऱ्यांवर चार नारळ ठेवले
तेव्हा कुठे तो उताणा राहिला.

आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत मीच छापला होता, नव्व्याण्णव साली,
म्हणून कुणीतरी माझा पत्ता दिला असणार.
पत्रात मागणं एवढंच:
रेवदंड्याच्या कोटात, ढालीवर तीन शिंपले नि एक सिंह
अशी शिळा असेल, तर तिच्यावरचं साल कळवावं.

शिळा लगेच सापडली.
राऊतांच्या वाडीत, पंपाशेजारी.
तिच्यावर चादरी आपटतात.
शिंपले झिजलेत,
सिंहाचं मांजर झालंय.

रात्री तक्ता वाचत बसलो.
काय एकेक घराणं!
मामेबहीण केली, ते एक वेळ चालेल,
पण काकाने पुतणी केली,
आणि ती बाळंतपणात गेली तेव्हा तिची धाकटी बहीण,
दोन्ही वेळा रोमची परवानगी, शिक्क्यासकट.
आमच्यात नुसतं सगोत्र निघालं
तरी मुलीचा बाप अर्धा चहा टाकून उठायचा.
इथे रेषा खाली उतरतात
आणि खाजणातल्या वाटेसारख्या फिरून
आपल्याच आजोबाच्या दारात येतात.
पाच पिढ्यांमागे बत्तीस पूर्वज हवेत.
बोट ठेवून मोजले. अकरा.

मुली बहुतेक मारिया.
एक अकराव्या वर्षी दिली
सरहद्दीवरच्या दोन गावांच्या बदल्यात.
गावांची नावं आहेत.
ती पोचली का, ते नाही.

आणि अगदी उजव्या काठाला, कागद मळलाय तिथे,
तिसरा मुलगा, दों जेरोनिमु.
थोरल्याला गढी, मधल्याला चर्च,
याला जहाज.
पुढे बारीक अक्षरात, मी शब्दकोश घेऊन लावलं:
चौल येथे निर्वंश.

दुसऱ्या दिवशी पूल ओलांडून कोर्लईला गेलो. उगाच.
किटेरीबाय बोंबील उलटत होती.
तिला जेरोनिमुच्या बहिणीच्या तसबिरीची झेरॉक्स दाखवली.
हात पदराला पुसून तिने ती धरली, लांब, मग जवळ.
"आमच्या बाचं नाक हिला कुणी दिलं?"
नातवाला हाक मारली, त्यांच्या बोलीत काहीतरी म्हणाली,
जी लिस्बनमध्ये आता कुणाला कळणार नाही,
आणि दोघं एकाच नाकाने हसली.
मी तो शब्द सांगितला.
"लिहिणारा इथे आलेला काय?" तिने विचारलं,
नि पुन्हा बोंबलांकडे वळली.

साल कळवलं. पंधराशे एक्क्याण्णव.
नाकाबद्दल एक परिच्छेद लिहिला होता,
तो फाडला.
पुराव्याशिवाय आम्ही लिहीत नाही.

आम्ही.
म्हणजे पान दोनशे सात,
वासुदेव ऊर्फ बाबूकाका, जन्म शके अठराशे बावीस,
मुक्काम आगरातल्या खोपटीत,
अविवाहित, निर्वंश.
शब्द माझा. प्रूफही मीच तपासलं.
रफार वं-वरच पडलाय ना, एवढं बघितलं.

आज नारळ पाडायचे होते.
नागावहून हरेश्वर आला. साठीला टेकला तरी
अजून झाडाला मिठी मारून सरसर चढतो.
त्याची आजी आमच्या आगरात शिंपणं करायची.
हे सगळ्यांना माहीत आहे,
म्हणून कुणी सांगत नाही.
खाली उतरून त्याने पाच-पाचाची रास लावली,
डाव्या हाताची करंगळी आत वळलेली,
माझीही वळलेली आहे, मी ती धोतरात लपवली.

"एकशे छत्तीस. मोजून घ्या, भाऊ," म्हणाला,
मग ओटीवर नजर गेली,
"आणि हे चार."
त्याने एकेक करून ते उचलले
आणि तक्ता
आपला आपण गुंडाळत गेला,
उजव्या काठाकडून.