तुलना करा (दहा गुण)

एकतीस उत्तरपत्रिका, आणि चहाचा दुसरा कप.
बाहेर उत्तर वेल्सचा पाऊस, म्हणजे विशेष काही नाही.
इथे पाऊस शेजाऱ्यासारखा,
न विचारता येऊन बसतो, उठायचं नाव घेत नाही.

प्रश्न चौथा:
दोन्ही कवितांत मृत्यूचे चित्रण कसे केले आहे?

पहिल्या कवितेत मरण म्हणजे ओहोटी.
होडीची गाठ आपसूक सुटते,
म्हातारा कोळी हसतमुखाने लाटांच्या स्वाधीन होतो,
शेवटच्या ओळीत चंद्र.

दुसऱ्या कवितेत मरण म्हणजे कारकून.
काखोटीला वही, कानावर पेन्सिल,
दार न वाजवता आत येतो, नाव विचारतो
आणि लिहिताना चुकवतो.

तीस जणांनी बरोब्बर लिहिलंय.
पहिली शांत, दुसरी उपरोधिक.
पहिलीत यमक आहे, दुसरीत नाही, कारण मरणाला ताल नसतो
(हे एलुनेडबाईंनीच फळ्यावर लिहून दिलेलं, ऑक्टोबरात,
तेव्हा त्यांना ते खरंही वाटलं होतं).
एकाने ‘ओहोटी’खाली तीनदा रेघ मारली आहे.
एकाने समासात होडी काढली आहे.
चांगली आहे होडी.

एकतिसावी मारेद प्यूची.
शनिवार-रविवार ही पोरगी
टेकडीवरच्या वृद्धाश्रमात चादरी बदलते.

‘दोन्ही कवितांत,’ ती लिहिते,
‘मरणाऱ्याला तहान लागत नाही.
डोळे आपले आपण मिटतात.
कुणी कुणाची कूस बदलून देत नाही.
मिसेस होवेल्स गेल्या तेव्हा मी काडीवरचा ओला स्पंज
त्यांच्या ओठांना लावत होते
आणि त्या चोखत होत्या, तान्ह्या बाळासारख्या.
नाही, उपमा खोडते.
तहानलेल्या बाईसारख्या.
घशात आवाज होता. समुद्राचा नव्हता,
कॉफीच्या यंत्राचा असतो तसा.
तो थांबल्यावर मी घड्याळ पाहिलं, कारण तसं शिकवलंय.
मग खिडकी जराशी उघडली.
तसं शिकवलेलं नाही, पण सगळ्याजणी उघडतात.
त्यातल्या त्यात कारकून बरा.
निदान नाव तरी विचारतो.
आम्ही त्यांना बारा नंबर म्हणायचो.
वेळ संपली.’

एलुनेडबाई गुणांचा तक्ता पाहतात.
प्रतिमा ओळखली: दोन. स्वर ओळखला: दोन.
कवितेतला आधार दिला: तीन.
खिडकी उघडली, याला रकाना नाही.

या गावाचा दगड एकच.
छपराला तोच, जुन्या शाळेत पोरांच्या पाटीला तोच,
आणि शेवटी डोक्याशी उभा करायला तोच.
पाटीवरचं थुंकी लावून पुसता यायचं.

वडील चाळीस वर्षं हाच दगड चिरत होते.
छातीत त्याचीच भुकटी घेऊन गेले.
शेवटचं बोलले ते: मागच्या दाराची कडी बघ.
थडग्यावर कोरलंय: शांतपणे झोपी गेले.
कोरणाऱ्याकडे छापील यादी होती,
पैसे अक्षरागणिक,
आणि हे वाक्य एलुनेडबाईंनीच निवडलं होतं,
बोट ठेवून, ओला कोट न काढता.
झोपी गेले नव्हते.
उठून बसले होते, दाराकडे बघत,
आणि त्या उशी उभी करत होत्या, आडवी करत होत्या,
पुन्हा उभी.

कडी लावलेलीच होती.
हे सांगायचं राहिलं.

लाल पेन. सात लिहितात.
खोडतात.
‘कवितेविषयी अधिक लिहायला हवे,’ एवढं लिहून
बराच वेळ त्याच्याकडे बघतात,
जणू हेही दुसऱ्याच कुणीतरी यादीतून निवडलंय.

चहावर साय धरली आहे.
गुणांचा चौकोन तसाच सोडून
त्या खाली, अगदी बारीक अक्षरात, विचारतात:
खिडकी कुठली, मारेद?
रस्त्याकडची, की खाणीकडची?