एक पान, एक मिनिट

डुलुथला नोव्हेंबरात साडेचारलाच दिवे लागतात.
घरातला हीटर बिघडला म्हणून मी
मार्लिसच्या वर्गात जाऊन बसतो, शेवटच्या बाकावर,
खोली दोनशे चौदा, मंगळवार, सहा ते पावणेनऊ.
पोरांना वाटतं, तपासणीला कुणी आलंय.
मी तिच्या सिनेमाचा आवाज. म्हणजे
अकरा वर्षांपूर्वी लांब काठीला माइक बांधून
गोठलेल्या सरोवरावर तिच्यामागून हिंडलेला माणूस.
सिनेमा अजून व्हायचाय.

"एक पान म्हणजे पडद्यावरचं एक मिनिट,"
ती फळ्यावर लिहिते. खडू मोडतो.
अर्ध्यानं लिहीत राहते.
मी मनात हिशेब मांडतो:
तिची चौऱ्याण्णव पानं, अकरा वर्षं.
मिनिटाला दीड महिना. जरा कमीच.

ब्रिनच्या पटकथेत पहिली सहा पानं
नायिका अंथरुणातून उठतेच आहे.
नमनालाच घडाभर तेल.
मार्लिस सहाच्या सहा पानांवर तिरकी रेघ मारते,
मग, रेघ फारच जोरात गेली असं वाटून बहुधा,
कडेला बारीक अक्षरात लिहिते: पलंग छान आहे.

मायली वांग विचारते, "ती उदास आहे, असं लिहू?"
"लिही. पण ते कॅमेऱ्याला कुठं दिसलं?"
मायली पेन चावते.
"तिनं डबा उघडला. परत लावला."
"मग उदास खोड."

गॅरेट हॅल्वर्सन रात्रपाळीला
लोहखनिजाच्या धक्क्यावर असतो.
वर्गात आधी त्याचे बूट येतात, मागून तो.
आज एकच पान आणलंय.
"यात कुणी बोलत नाही," तो घसा खाकरतो.
"मग न बोलणं वाच."

हॉस्पिटल. पहाट. कॉफीचं यंत्र.
एक माणूस नाणं टाकतो. काही पडत नाही.
दुसरं टाकतो. काही पडत नाही.
तो यंत्राला बुक्की मारत नाही.
हातमोजा काढतो. तळहात यंत्रावर ठेवतो.
यंत्र गरम आहे.

एवढंच.

ब्रिन टपलेलीच होती. "गरम आहे
हे कॅमेऱ्याला कसं दिसणार?"
सगळे मार्लिसकडे बघतात. नियम तिचाच.
वर्गात अळीमिळी गुपचिळी.
रेडिएटरमध्ये पाणी ठोके देतंय,
मला सवयीनं ते मोजावे लागतात.
अकराव्या ठोक्याला गॅरेट म्हणतो,
"तो हात काढत नाही ना.
त्यावरनं."

मार्लिस पान हातात घेते. पेन्सिल टेकवते.
काहीच न लिहिता पान परत देते.
तो माणूस कोण, हॉस्पिटलात कोण,
कुणी विचारत नाही. पावणेनऊ वाजतात.
गॅरेटला दहाला धक्क्यावर हजर व्हायचंय.

बाहेर उचलपुलाखालून शेवटच्या काही बोटींपैकी एक
भोंगा देत आत येतेय.
मोसम संपत आला.
मार्लिस कुठल्याशा महोत्सवाच्या जुन्या ओळखपत्रानं
गाडीच्या काचेवरचं दंव खरवडते.
"तो बर्फ तडकण्याचा आवाज आहे का रे अजून?"
"आहे. एक्केचाळीस मिनिटं."
"त्याच्यावर मी बोलले होते."
"फार बोलली होतीस."
"ते काढून टाकलं तर?"

हेच मी तिला निदान नऊदा सांगितलं होतं.
पालथ्या घड्यावर पाणी.
आणि आज वीस वर्षांचं पोर येतं,
एका पानानं घडा सुलटा करून जातं.
मी काही बोलत नाही.
म्हणते, "उद्या ये. हीटर झाला तरी ये."
गाडी तिसऱ्या खेपेला सुरू होते.

तिच्याकडे माझे चारशे डॉलर आहेत,
त्याच हिवाळ्यातले.
ते कॅमेऱ्याला दिसत नाहीत.
खोडा हवं तर.