दरसूचीत नसलेला माल

थांब्याचं नाव अजून जकात नाका आहे.
कंडक्टर ओरडतो, कॉलेजच्या दोन मुली उतरतात.
जकात म्हणजे काय ते त्यांना ठाऊक नाही,
आणि नाका तर नाहीच;
तिथे मोबाइलची कव्हरं विकणारा बसतो.

माझे वडील, मुरलीधर खळदकर, जकात कारकून, वर्ग तीन,
तिथे एकतीस वर्षं बसले.
आडव्या बांबूच्या एका टोकाला सिमेंट भरलेला तेलाचा डबा,
दुसऱ्या टोकाला उरलेलं जग.
म्हणायचे, पेपर कशाला वाचता,
ट्रकची ताडपत्री उचलली की सरकार दिसतं.

बहात्तरला दिसला लाल मिलो.
पोत्यांवर परक्या देशाचा शिक्का,
पावतीवर आमचा: माफ.

मग स्टील. डब्यात डबा, त्यात डबा,
गवतात गुंडाळलेले.
तांबट आळीतला ठोका काही एका दिवसात थांबला नाही.
आधी दुपारचा थांबला.
मग निजामपूरकरांचा धाकटा पिंपरीला लागला, कंपनीची बस घ्यायला यायची,
आणि सकाळचाही थांबला.
म्हातारे निजामपूरकर मात्र बंब दुरुस्त करत राहिले
गॅस येईपर्यंत.

स्कूटरचं उलटं.
ती दहा-बारा मैलांवर, आकुर्डीत बनायची
आणि आमच्या दारात यायला आठ वर्षं लागली.
नंबर लावला तेव्हा ताई पोटात होती,
स्कूटर आली तेव्हा ती पुढे उभी राहण्याइतकी लहान उरली नव्हती.
दिल्लीत कुणीतरी ठरवलं होतं
वर्षाला किती जणांनी स्कूटरवर बसायचं.

वडिलांनी कधी हात ओला केला नाही, असं आई सांगते.
दिवाळीला घरी काजूचा डबा यायचा.
कुणाचा ते मी विचारलं नाही.
मी काजू खाल्ले.

रात्रपाळीला ते जुनं काहीबाही वाचत.
पेशवाईत म्हणे पेठ वसवायची तर आधी कौल द्यायचे,
छपरावरचं कौल नव्हे, वचनाचा:
या, दुकान मांडा, इतकी वर्षं काही मागणार नाही.
लोक आले, बैल आले, देवळं आली,
मुदत संपली, वसुली आली.
"शहर म्हणजे काय," ते म्हणायचे,
"संपलेली सूट."

एक्याण्णवनंतर खोकी हलकी झाली आणि महाग.
एका खोक्यावर लिहिलं होतं मोडेम.
दरसूची तीनदा चाळली.
मोहरी, मोटारीचे सुटे भाग, मोळे.
साहेबांना फोन केला, साहेब जेवत होते,
म्हणाले, 'इतर'मध्ये टाका.
त्या साली 'इतर'चं पान सगळ्यात आधी भरलं,
मागे पुरवणी चिकटवावी लागली.

पुढे असा माल सुरू झाला ज्याला ट्रकच नव्हता.
हिंजवडीत उसाच्या फडावर काच उगवली,
काम तारेतून आत यायचं, तारेतूनच बाहेर जायचं,
आणि बांबू आपला आडवा.
वडील निवृत्त झाले त्याच जूनमध्ये
मी त्या काचेत नोकरीला लागले.

तेरा साली जकात उठली.
व्यापाऱ्यांनी आधी पेढे वाटले,
मग तिच्या जागी आलेल्या करापायी दुकानं बंद ठेवली.
वडील बसने जाऊन बांबू काढताना बघून आले.
घरी आल्यावर एवढंच म्हणाले,
आतून पोकळ होता, वाळवी.

परवा विचारत होते, तू नक्की करतेस काय?
म्हटलं, अमेरिकेतल्या एका जिल्ह्याचा विक्रीकर मोजणारा प्रोग्रॅम लिहिते.
कुठल्या मालावर किती, कशाला माफी.
"म्हणजे जकात."
जवळपास.
"आणि नाका कुठे त्यांचा?"
मी मांडीवरच्या लॅपटॉपवर बोट ठेवलं.

त्यांनी तो दोन्ही हातांनी उचलला,
डोळे मिटून थोडा वर-खाली केला,
पोतं जोखावं तसा.
"दीड किलो," म्हणाले.
मग बराच वेळ आठवत राहिले
हा कुठल्या पानावर बसेल.