आत किती, बाहेर किती

रुवैसची टाकी क्रमांक एकशे सतरा
बारा वर्षांनी उघडली.
चोवीस इंची तोंड, त्यावरचे वीस बोल्ट उतरवलेले,
आणि तोंडाशी प्लास्टिकच्या खुर्चीवर मी,
विटकर, भोकावरचा माणूस.
कंपनीच्या कागदावर याला बरं नाव आहे,
आम्ही हेच म्हणतो.

काम असं, की आत जायचं नाही.
कोण गेला, किती वाजता, लिहायचं.
कोण आला, लिहायचं.
मधे हाक मारायची, ओ ऐकायची.
मुतायला उठायचं तरी आधी बदली माणूस यायला हवा.
याचे पैसे मिळतात
हे बायकोला अजून नीट पटलेलं नाही.

मोफिजुल, सेल्वन, दिलबहादूर, आणखी तिघे
आठ दिवस गाळ ओढत होते.
गुडघाभर, काळा, दाट,
बारा वर्षांत जे तेल जहाजावर चढायला राजी झालं नाही
ते.

गाळ मला परका नाही.
आमचं घराणं विहिरी खोदणारं, उपसणारं.
तिमण्णाकाका उतरायच्या आधी
दोराला बांधून कंदील सोडायचा.
विझला, तर विहिरीला हात जोडून घरी.
इथं कंदील सोडला तर घरच काय, रुवैस उरणार नाही.
इथं मीटर. वीस पूर्णांक नऊ दिसलं,
बाकीचे आकडे शून्य, की जा.
मीटरला एकदा हात जोडले मी,
सेफ्टीवाला हसला.

तेव्हाही मी काठावरच. सहा वर्षांचा.
"बोलत राहा," काका म्हणायचा.
काय बोलू?
"काहीही. पाढे म्हण."
आणि खोलातून, टोपलीबरोबर,
"सतराचा चुकलास. परत."

नवव्या दिवशी तळ दिसला.
लतीफ परकार, दापोलीचा, जाडी मोजायला आला.
गरोदर बाईच्या पोटाला लावतात तसा जेल पत्र्याला लावायचा,
वर यंत्र टेकवायचं,
आकडा आला की खडूनं तिथंच लिहायचा.
आठ. सात पूर्णांक नऊ. आठ.
गुडघ्यांवर रांगत ऐंशी मीटरचा गोल.

बारा वाजून दहा.
साडेबाराला उन्हाची सुट्टी, कायद्याची.
वहीत सात आत.
बाहेर सहा,
पाण्याच्या बाटल्या डोक्यावर ओतत.

परकार!
टाकीनं एका हाकेच्या दहा केल्या
आणि एकीचीही ओ दिली नाही.
रेडिओवर कळवलं. येतो म्हणाले.
पहिल्या दिवशी शिकवतात ते हेच:
भोकावरचा आत गेला
की बाहेर दोन काढावे लागतात.
खुर्चीचे हात धरून बसलो.
तोंड आत घातलं, पाय बाहेर,
आणि काय बोलावं सुचेना म्हणून,
सतरा एके सतरा.
सतरा दुणे चौतीस.
सेल्वन माझ्याकडे बघायला लागला.
सतरा त्रिक एक्कावन्न, चोक अडुसष्ट,
पाचे पंच्याऐंशी, सक एकशे दोन,
सतरा साते एकशे सतरा.

"एकशे एकोणीस, विटकर!"

पलीकडच्या खांबाआडून, बारीक, वैतागलेला.
पत्र्याला कान लावून पडला होता म्हणे,
ब्लोअरच्या आवाजात हाक कळलीच नाही.
खड्ड्याच्या कडेला एक जागा सापडली होती त्याला,
हाताच्या पंज्याएवढी.
आठातले उरले दोन पूर्णांक एक.
"दोन," तो बाहेर येत म्हणाला,
"वर अठरा मीटर तेल, आणि खाली दोन."
बोटांवरचा जेल पँटला पुसला.
"आणि तुझं पाठांतर त्याहून पातळ."

सेफ्टीवाले गाडीतून उतरत होते.
मी वहीत त्याच्या नावापुढे लिहिलं:
बारा बावीस, बाहेर.
अक्षर हललंय जरा.
वाचता येतं.