एकतीस तारीख, अकरा चाळीस

देगलूरला, बस स्टँडच्या मागं, आमचा वीस खाटांचा दवाखाना.
लोकांनी ज्वारीचं एकेक पोतं देऊन उभा केलेला.
पाटीवर देणाऱ्यांची नावं आहेत अजून,
अर्ध्यांचा रंग उडून नुसती आडनावं उरलीत.

मी योजनेच्या खिडकीवर बसते.
माणूस आत आला की त्याचा आकडा शोधते.
हर्नियाचा आकडा, पित्ताशयाचा आकडा, सर्पदंशाचा आकडा.
आकड्यापुढं रक्कम.
ती ठरली तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं.
आता लेक सातवीत आहे.

मधल्या काळात मदारसाबनं
सिलिंडरचा भाव चारदा वाढवला,
दर वेळी मान खाली घालून, "मला पण वरूनच येतो, ताई."
टाक्याचा दोरा महागला.
भूल देणारे डॉक्टर नांदेडहून येतात,
त्यांचं भाडं वाढलं, चिडचिडही.
पडद्यावरचा चौकोन तेवढा
पाट्यावर टाकी मारल्यासारखा, होता तसाच.

डॉक्टर बिराजदार जेवताना ताटाच्या कडेनं
बोटानं हिशेब मांडतात.
"एका सिझरला एवढे पदरचे,"
आणि तेवढ्या जागेतून ठेचा बाजूला सारतात.
मी बघत नाही. मला तो हिशेब पाठ आहे.

मग जीआर आला. सुधारित दर.
चोवीस पानं, तिरकी स्कॅन केलेली,
मान वाकडी करून वाचायची.
सिस्टर मिसाळनं सगळ्यांना चहा सांगितला, स्वतःच्या पैशानं.
पान अकरा : सर्पदंश, व्हेंटिलेटरसह.
दुपटीला थोडंसंच कमी.
आणि खाली, मुंगीएवढ्या अक्षरात :
एक तारखेपासून दाखल होणाऱ्या रुग्णांस लागू.

एकतीसच्या रात्री पोशेट्टीची सून आली, टमटममधून.
जमिनीवर झोपली होती.
फेस नाही, सूज नाही, नुसत्या पापण्या जड,
शब्द जिभेवरून घसरायले.
मण्यार, डॉक्टर म्हणाले, आणि पळाले.
घड्याळात अकरा चाळीस.

आत नळी, औषध, पंप, सगळं सुरू झालं,
कुणी कागदासाठी थांबलं नाही.
बाहेर मी, मशीन, आणि तिचा अंगठा,
जो मी आत जाऊन, खाटेवर वाकून लावत होते.
उमटेना.
बिड्या वळून वळून रेषाच गेलेल्या.

वीस मिनिटं.
अजून वीस मिनिटं तो उमटला नसता
तर कुणाच्या बापाला कळणार होतं?
वीस मिनिटांत काय काय बसतं :
सहा सिलिंडर,
झाडूवाल्या गंगाबाईचा दोन महिन्यांचा पगार,
आणि डॉक्टरांचं ताट, एक दिवस, कोरं.
सिस्टर माझ्याकडं बघत नव्हती.
इतकं नीट कुणी न बघणं
मी आधी पाहिलं नव्हतं.

पोशेट्टी दारात. "ताई, कागद कमी पडायलाय का?"
"नाही मामा. कागद पुरे आहेत."
मी तिचं बोट पदरानं पुसलं,
अंगठा सोडून करंगळीजवळचं लावलं.
मशीन लगेच हिरवं झालं,
जणू त्यालाच घाई होती.
अकरा सेहेचाळीस. एकतीस.
जुना दर.
का केलं ते मला अजून सांगता येत नाही.
प्रामाणिकपणा म्हणाल तर तसं वाटलं नव्हतं,
भूक लागल्यासारखं वाटलं होतं.

पाचव्या दिवशी तिनं स्वतःहून पाणी मागितलं.
बाराव्या दिवशी वरून शंका आली :
दंश केलेल्या सर्पाचे छायाचित्र जोडावे.

पोशेट्टीला वाचून दाखवलं.
तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला,
"त्याच्याकडं कुठं कार्ड होतं, ताई?"

शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं :
साप उपलब्ध नाही. रुग्ण उपलब्ध आहे.
सादर करा, दाबलं.
पडद्यावर चाक फिरत राहिलं,
बाहेर मदारसाब छोटा हत्ती मागं घेत होता,
रिकामी सिलिंडरं एकमेकांवर आपटत.